खाली अंधार, वर सकाळ

फार जुनी गोष्ट. दोन उंच डोंगरांच्या मधोमध, पातेल्याच्या तळाला शीत चिकटून राहावं तसं एक छोटंसं गाव होतं. गावात एक लाल कौलांचं चर्च होतं, चर्चच्या मागे कबरस्थान होतं, आणि सगळ्या गावाला एकच तक्रार होती, की आपल्याकडे सकाळ फार उशिरा होते.

पूर्वेचा डोंगर होताच तसा. पलीकडच्या मैदानात सूर्य उगवून गुरं चरायला निघाली, बायकांचं पाणी भरून झालं, तरी या गावात अंधारच असायचा. इथले कोंबडेसुद्धा गोंधळलेले. एक आरवायचा, बाकीचे त्याच्यावर विश्वास ठेवायचे नाहीत.

पण त्याच डोंगराच्या माथ्यावर, दोन दगडी खांबांच्या मध्ये, एक मोठी पितळी घंटा टांगलेली होती. ती वर्षातून एकदाच वाजायची. ईस्टरच्या पहाटे. घंटेवाला अंधारात डोंगर चढून जायचा आणि पलीकडे मैदानाच्या टोकाला सूर्याची कड दिसली रे दिसली की दोर ओढायचा. खाली सगळं गाव काळोखात, हातात न पेटवलेल्या मेणबत्त्या घेऊन, श्वास धरून बसलेलं असायचं. घण्ण! पहिला टोला पडला की पाळकसाहेब ओरडायचे, "ख्रिस्त उठला आहे!" आणि लहानथोर सगळे छप्पर उडेल एवढ्या आवाजात उत्तर द्यायचे, "खरोखर उठला आहे!" मेणबत्त्या पेटायच्या, पोरं नाचायची, बायका एकमेकींना मिठ्या मारायच्या. आणि बाहेर? बाहेर अजून मिट्ट काळोख! सूर्य गावात उतरायला चांगला वेळ असायचा. पण त्या गावाची रीतच तशी होती. वर सकाळ झाली ना? मग झाली!

सणाच्या दिवसांत गावात एक बांगडीवाला येऊन राहायचा. तो दर वर्षी हसायचा. "काय माणसं तुम्ही! डोळ्यांत बोट घातलं तर दिसत नाही, आणि म्हणे सकाळ झाली!"

"वर जाऊन बघ," गावकरी म्हणायचे.

"कोण चढणार तेवढं!" म्हणून बांगडीवाला पुन्हा पांघरूण ओढून घ्यायचा.

घंटेचा दोर ओढण्याचा मान पणजोबांपासून एकाच घराकडे होता. आत्ताचा घंटेवाला मोठा हौशी माणूस. ईस्टर जवळ आला की तो वर जाऊन घंटा चिंचेने घासून लखलखीत करायचा, दोराला तेल द्यायचा. त्याच्याबरोबर त्याची लेक असायची. तिचं नाव लिदिया, पण सगळे लिदी म्हणायचे.

डोंगराची वाट सरळ नव्हती. घडी घातलेल्या लुगड्यासारखी ती होती. इकडून तिकडे जायची, वळायची, पुन्हा तिकडून इकडे यायची. उलगडली असती तर कोसभर भरली असती. बापाचे पाय लांब, लेकीचे पाय एवढेसे. तो एक वळण पुढे गेला आणि दिसेनासा झाला की मागून लगेच हाक यायची, "बाबा, थांबा!" तो थांबायचा. ती धापा टाकत यायची, त्याचा अंगठा मुठीत घट्ट धरायची आणि दोघं पुढे निघायची. रात्री झोपतानाही तिला तो अंगठा लागायचा. अंगठा सुटला की डोळे उघडलेच!

मागच्या पावसाळ्यात लिदीला ताप आला. गावाने प्रार्थना केली, वैद्याने औषध दिलं, पण ताप काही उतरला नाही. चर्चच्या मागे एक छोटीशी कबर झाली.

त्यानंतर घंटेवाला कमी बोलायला लागला. चर्चमध्ये यायचा, पण गाताना ओठ हलायचे नाहीत.

बघता बघता ईस्टरचा आदला दिवस उजाडला. काय ती गडबड! चर्चसमोर पोरं मेणबत्त्यांच्या वाती ओढून सरळ करत होती, बायका करंज्या तळत होत्या, तरुण मंडळी ढोलकीवर गाण्यांची तालीम करत होती. एवढ्यात घंटेवाला आला आणि पाळकसाहेबांपुढे उभा राहिला.

"पाळकसाहेब, उद्या घंटा वाजणार नाही."

ढोलकी थांबली. "का रे? दोर तुटला?"

"दोर चांगला आहे. पण मला खोटं बोलवत नाही. खाली गच्च अंधार आहे आणि मी वरून सांगायचं, सकाळ झाली म्हणून? कुणाची झाली? माझ्या घरात तर नाही झाली."

बांगडीवाल्याने मांडीवर थाप मारली. "मी दर वर्षी हेच सांगतो! पण मी बोललो की हसतात."

"तू बांगड्या मोज," करंज्या तळणारी सुगंधाआजी त्याच्यावर झारा उगारून म्हणाली.

पाळकसाहेबांनी घंटेवाल्याच्या खांद्यावर हात ठेवला. "लिदी प्रभूजवळ आहे, बाळा. तुला ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे हो," घंटेवाला म्हणाला. "तेच तर!" आणि तो घरी निघून गेला.

पाळकसाहेब दोन पावलं त्याच्या मागे गेले. मग वळून म्हणाले, "चला, मंडळी. त्याच्यावर रागवायचं नाही. उद्या आपणच डोंगर चढू आणि आपणच घंटा वाजवू."

"सगळे?" पोरांनी विचारलं.

"ज्याचे पाय चालतात ते सगळे!"

अहाहा! मग काय विचारता? पोरांनी अशी आरोळी ठोकली, की झाडावरचे बगळे उडाले. आजवर घंटेवाल्याशिवाय ईस्टरची सकाळ वरून कुणी पाहिली होती?

घरी घंटेवाल्याची बायको मार्था चुलीपुढे बसली होती. गावातली बातमी तिच्याआधी कुणाला कळायची नाही. तिने ताट वाढलं आणि विचारलं, "अहो, खरं काय ते मला तरी सांगा."

घंटेवाल्याने घास उचलला आणि परत ठेवला. "ती एकटी थांबलीय गं, मार्था. सगळे म्हणतात, ती प्रभूजवळ आहे. असेलच. पण मी एक वळण पुढे गेलो तरी जिचा जीव घाबरा व्हायचा, ती आता पुढे गेली आणि मी मागे राहिलो. 'बाबा, बाबा' करत बसली असेल. मी म्हातारा होणार, मग कधीतरी मरणार. तोवर किती वर्षं तिने वाट बघायची? एवढीशी पोर!"

मार्थाने पदराने डोळे पुसले. पण ती खंबीर बाई होती. ती म्हणाली, "मला नाही ठाऊक. पण उद्या पहाटे मी लिदीच्या कबरीपाशी बसणार आहे. अंधारात. हातात मेणबत्ती असेल. घंटा वाजली तर लावीन, नाही वाजली तर नाही लावणार. आता तुम्ही बघा."

"मार्था, असं नको करूस."

"जेवा. गार होतंय."

दुसऱ्या दिवशी गाव उठायच्या आधीच घंटेवाला डोंगर चढू लागला. घंटा वाजवायला नव्हे, दोर सोडून आणायला! गावकरी वर येणार हे त्याच्या कानावर आलं होतं. दोरच नसेल तर वाजवणार कशाने? हा त्याचा हिशेब. प्रत्येक वळणावर त्याचे पाय आपोआप थांबत होते. मागून हाक येत नव्हती. तो पुन्हा चालू लागत होता.

माथ्यावर पोचून तो दगडी खांबावर चढला, दोराची गाठ सोडली आणि वेटोळं खांद्यावर टाकून खाली उतरला. तेवढ्यात त्याची नजर दरीकडे गेली, आणि तो बघतच राहिला.

सगळं गाव डोंगर चढत होतं! कंदीलच कंदील! काजव्यांची रांग इकडून तिकडे, वळून तिकडून इकडे. ढोलकी वाजत होती. कुणी गात होतं, कुणी धापा टाकत होतं, कुणी ओरडत होतं, "अरे, माझी चप्पल!" आणि बांगडीवाल्याचा आवाज तर सगळ्यांत मोठा. "कुणी सांगितलं होतं मला यायला? पाय मोडले माझे!"

सगळ्यांच्या पुढे एकच कंदील होता. तो सुगंधाआजीचा. म्हातारी बकरीसारखी तुरुतुरु चढत होती आणि तिच्याबरोबर गावातल्या राहेलची छोटी लेक रिबी होती. राहेल बिचारी करंज्यांची टोपली डोक्यावर घेऊन मागे पडली होती. एका वळणावर रिबीने मागे वळून पाहिलं. आई दिसेना! तिने भोकांड पसरलं.

"आई! आई हरवली! आई खूप मागे राहिली!"

"येतेय गं तुझी आई," सुगंधाआजी म्हणाली. "घे, माझा अंगठा धर."

"नाही! ती खूप लांब आहे! ती येणारच नाही!"

खालच्या वाटेवरून राहेलनेही हाका मारायला सुरुवात केली. "रिबी! अगं, किती पुढे गेलीस? मी कशी पोचू तुझ्यापर्यंत?"

घंटेवाला वरून हे सगळं बघत होता, आणि त्याला हसू फुटलं. कितीतरी महिन्यांनी! कारण वरून त्याला कंदिलांच्या उजेडात दोघी एकदम दिसत होत्या. लेक वरच्या वाटेवर, आई बरोबर तिच्या पायांखालच्या वाटेवर. मधे फक्त एक कातळाची कड! आईने टोपलीतली करंजी वर धरली असती तर लेकीने वाकून घेतली असती. वाटेने चालायचं तर केवढं अंतर, आणि वरून बघावं तर जवळजवळ काहीच नाही.

"रिबी!" तो तोंडाभोवती हात धरून ओरडला. "रडू नको! आई तुझ्या जवळच आहे! तुला दिसत नाही, पण मला इथून तुम्ही दोघी दिसताय!"

आणि ओरडता ओरडताच तो थबकला.

काय बोललो मी हे? आपल्याला वाटेने चालावं लागतं. एका दिवसानंतर दुसरा दिवस, एका वर्षानंतर दुसरं वर्ष, एका वळणानंतर दुसरं वळण. पण जो वर आहे तो? जो कबरीच्या अंधारात स्वतः उतरला आणि तिथून उठून वर गेला, त्याला वरून काय दिसत असेल? त्याला मी इथे आणि लिदी तिथे, असे आम्ही वेगवेगळे दिसतो का? की एकाच नजरेत, मधे एक कातळाची कड, बस्स?

"पण ती वाट तर बघतेच आहे ना?" त्याच्या मनातलं जुनं दुखणं पुन्हा उठलं. "मला जवळ दिसून काय उपयोग? तिला तर लांबच वाटत असणार!"

तो असा विचार करतोय, तोच सुगंधाआजी माथ्यावर येऊन थडकली. रिबीच्या गालांवर अजून आसवं होती आणि मुठीत म्हातारीचा अंगठा होता. त्या मुठीकडे घंटेवाल्याने पाहिलं आणि स्वतःचा अंगठा मिटून घेतला.

"हा बघा!" म्हातारी म्हणाली. "दोर खांद्यावर घेऊन उभा! अरे, दोरखंड विकायला निघालायस का?"

घंटेवाल्याने वेटोळं आणखी घट्ट धरलं.

"मी हिसकावून घेईन, ताकद आहे माझ्यात," म्हातारी कमरेवर हात ठेवून म्हणाली. "पण घेणार नाही. तो तुझा मान आहे. तूच बांध."

आणि त्याच क्षणी मैदानाच्या टोकाला एक सोनेरी कड उगवली!

रिबीने ती पाहिली. तिचं रडणं मधेच थांबलं. तोंड उघडं ते उघडंच राहिलं. कड मोठी झाली, मैदानावर उजेडाची लाट धावत आली. दूरची नदी चमकली, शेतं चमकली, रिबीचे ओले गालसुद्धा चमकले. तिने म्हातारीचा अंगठा सोडला आणि दोन्ही हात पसरून ती गोल गोल फिरायला लागली. "आजी, ते बघ! आजी, ते काय? ती नदी आहे? ते पक्षी आहेत? किती!"

मागे दरीत अजून काळोखच होता. घंटेवाला मध्ये उभा होता. एका डोळ्याला रात्र दिसत होती आणि दुसऱ्याला सकाळ.

तेवढ्यात शेवटच्या वळणावरून राहेल आली. घामाने निथळलेली, टोपली कलंडलेली, श्वास लागलेला. तिने लेकीला बघितलं आणि तिथेच मटकन बसली. "आले गं बाई! आले एकदाची! रिबी, फार वाट बघायला लावली ना गं मी?"

रिबी वळली. आईला बघून तिचा चेहरा फुलला. धावत येऊन ती आईच्या गळ्यात पडली आणि आश्चर्याने म्हणाली, "आई, तू एवढ्यात आलीस?"

"एवढ्यात?" राहेल किंचाळली. "अगं, माझे गुडघे गेले! जन्म गेला चढता चढता! आणि ही म्हणते, एवढ्यात!"

सुगंधाआजी खो खो हसायला लागली.

पण घंटेवाला हसला नाही. अंगावर वीज पडल्यासारखा तो जागीच उभा होता. एवढ्यात आलीस? एवढ्यात!

खाली अंधारात होती तोवर रिबी रडत होती. वर उजेडात आली, आणि वाट बघायची राहूनच गेली. तिला वेळ कळलाच नाही! चढणाऱ्याला वळणामागून वळण मोजावं लागतं. जो त्या उजेडात पोचला, त्याच्यासाठी कुठलं वळण आणि कुठलं वर्ष? मी म्हातारा होईन, काठी टेकत त्या शेवटच्या वळणावर येईन आणि म्हणेन, "लिदी, फार वाट बघायला लावली ना गं?" आणि ती प्रभूचा अंगठा सोडून धावत येईल आणि म्हणेल...

"बाबा, तुम्ही एवढ्यात आलात?" घंटेवाला मोठ्याने म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

"काय रे? काय म्हणालास?" सुगंधाआजीने विचारलं.

"आजी, दोर धरा!" तो गर्जला. "मार्था बसलीय खाली! अंधारात बसलीय माझी बायको!"

मग जी धांदल उडाली ती काय सांगावी! तो खांबावर चढला, पण घाईत दोर उलटाच गुंडाळला. गाठ बसेना. "उजवीकडून घे!" सुगंधाआजी खालून ओरडली. "अहो, माझा उजवा की तुमचा?" तो वरून ओरडला. राहेलने टोपली टाकून दोराचं टोक धरलं. रिबी त्या टोकाला लोंबकळायला लागली. पाळकसाहेब वळणावरून पळत आले, त्यांच्यामागे पोरं, ढोलकीवाले, सगळ्यांत मागे बांगडीवाला. आणि अखेर गाठ बसली!

घंटेवाला खाली उडी मारून आला. दोर दोन्ही हातांत धरला. डोळे मिटले. आणि जीव खाऊन ओढला.

घण्ण!

डोंगर हादरला. घण्ण! दरीने तो आवाज झेलला आणि परत फेकला. घण्ण! घण्ण! "ख्रिस्त उठला आहे!" या वेळी पाळकसाहेबांच्या आधी घंटेवालाच ओरडला. "खरोखर उठला आहे!" माथ्यावरून सगळ्या गावाने उत्तर दिलं. बांगडीवाला तेवढा गप्प होता. तो एकदा सूर्याकडे बघत होता, एकदा मागच्या काळोखाकडे. शेवटी डोकं खाजवत म्हणाला, "हात्तिच्या! खरंच सकाळ झालीय की!"

तेवढ्यात पोरं ओरडली, "ते बघा! ते बघा!"

खाली, अगदी तळाशी, चर्चच्या मागे, एक इवलासा दिवा लागला होता. काळोखात एकच ठिपका. पण माथ्यावरून तो स्वच्छ दिसत होता.

घंटेवाल्याने दोर रिबीच्या हातात दिला. "ओढ, बाळ! पाहिजे तेवढी ओढ!" आणि तो धावत सुटला. एका वळणावर त्याचे पाय सवयीने थांबले. पण या वेळी त्याने मान वर केली आणि आभाळाकडे बघून हाक मारली, "लिदी, मी येतोय गं! वाट बघू नकोस, तू तिथली मजा बघ!" मग तो हसत हसत आणि रडत रडत पुढचं वळण उतरला.

कबरीपाशी मार्था बसली होती. मेणबत्तीची वात तळहाताने झाकून ती वाऱ्यापासून जपत होती. गावात अजून अंधार होता. तिने नवऱ्याकडे पाहिलं.

"उशीर केलात हो यंदा. मला वाटलं, आता वाजतच नाही."

"हो, उशीर झाला," तो तिच्याजवळ बसत म्हणाला. "आपल्याला तिच्याकडे जायलाही उशीरच होणार आहे, मार्था. अजून पुष्कळ वळणं आहेत. पण उशीर आपल्याला होणार आहे. तिला नाही."

मग त्याने तिला सगळं सांगितलं. राहेलचे गुडघे, टोपली, आणि रिबी काय म्हणाली ते. ऐकता ऐकता मार्था हसली, मग रडली, मग पुन्हा हसली. वर घंटा वाजतच होती. रिबी काही दोर सोडायला तयार नव्हती.

त्या दिवसानंतर घंटेवाल्याला लेकीची आठवण आली नाही असं नाही. रोज यायची. अंगठा रिकामा वाटायचा. पण "ती एकटी थांबलीय" हे वाक्य त्याच्या तोंडून पुन्हा कधी निघालं नाही. आणि गावात कुणाचं माणूस गेलं, की तो त्या घरी जाऊन बसायचा. जास्त बोलायचा नाही. फक्त एवढंच सांगायचा, "खाली अजून अंधार आहे, मला दिसतंय. पण मी वर जाऊन आलोय. सकाळ झालीय!"

तर मुलांनो, या गोष्टीचं तात्पर्य हे: प्रभूच्या घरी गेलेलं आपलं माणूस अंधारात एकटं ताटकळत नसतं. वाट बघणं आपल्या वाट्याचं आहे. तेव्हा आपल्या दरीत उजेड पोचण्याआधीच मेणबत्ती लावावी, कारण डोंगरावर सूर्य उगवलेला आहे.